‘तुम्ही मला कम्युनिस्ट केलेत’ : एका संगीत नाटकाचा हिशेब

केरळातील १९५७ च्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळाचा विषय निघाला की एक वाक्य हटकून कानी पडते : ते सरकार निवडणुकीने आणले नाही, एका नाटकाने आणले. हे वाक्य विरोधकही बोलतात आणि सहानुभूतिदारही. विरोधकांच्या तोंडी त्यात हेटाळणी असते. भाबडी जनता गाण्यांना भुलली आणि मते देऊन बसली, असा त्याचा मथितार्थ. सहानुभूतिदारांच्या तोंडी त्याच शब्दांना अभिमानाची झळाळी येते. परंतु दोघांच्याही मनातला प्रेक्षक एकच आहे : ओल्या मातीचा गोळा, ज्याला रंगमंचावरून हवा तो आकार द्यावा. श्रमजीवी जनतेविषयीची ही कल्पना हेटाळणीतून आलेली असो वा कौतुकातून, ती मुळातच चुकीची आहे. संगीत नाटक पाहून माणसाचे जीवन बदलू शकते, यात शंका नाही. मात्र ते कसे बदलते, कुणाचे बदलते आणि कुणाचे अर्ध्या वाटेवर थांबते, हे तपासल्याशिवाय त्या बदलाचा अभिमान बाळगणे म्हणजे जमाखर्च न पाहता नफा जाहीर करण्यासारखे आहे.

ते नाटक म्हणजे तोप्पिल भासी यांचे ‘निंगळेन्ने कम्युनिस्टाक्कि’. मराठीत शब्दशः ‘तुम्ही मला कम्युनिस्ट केलेत’. ६ डिसेंबर १९५२ रोजी कोल्लम जिल्ह्यातील चवरा येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. १९५० साली स्थापन झालेल्या केरळ पीपल्स आर्ट्स क्लबने, म्हणजेच सर्वत्र के.पी.ए.सी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, ते रंगभूमीवर आणले. वकील, विद्यार्थी, पत्रकार अशा तरुणांनी उभारलेली ही संस्था. भासी स्वतः आयुर्वेदाचे शिक्षण घेतलेले. १९४९ च्या अखेरीस शूरनाड येथे शेतकरी आणि पोलीस यांच्यात रक्तरंजित चकमक झाली, तिच्या खटल्यात त्यांचे नाव आले आणि ते भूमिगत झाले. त्या भूमिगत अवस्थेत ‘सोमन’ या टोपणनावाने हे नाटक लिहिले गेले. ज्याच्या मागावर पोलीस आहेत असा माणूस आसऱ्याच्या घरी बसून नाटक लिहितो, यात अद्भुतरम्य काही शोधू नये. ज्या घरांनी त्याला आसरा दिला, त्याच घरांतील माणसे त्याच्या नाटकात आली, एवढाच त्याचा वस्तुनिष्ठ अर्थ आहे.

गाणी ओ. एन. व्ही. कुरुप यांची, संगीत जी. देवराजन यांचे. कुरुप चवऱ्याचेच, वय जेमतेम एकवीस. देवराजन पंचविशीतले, कर्नाटक संगीताच्या तालमीत घडलेले गायक. सभागृहातील निवडक रसिकांसमोर गाण्याऐवजी त्यांनी आपले शास्त्र घेऊन भातखाचरांची वाट धरली. के. एस. जॉर्ज आणि सुलोचना यांच्या आवाजात ती गाणी केरळभर गेली. त्यांतील सर्वाधिक गाजलेल्या गाण्यात चंद्रकोरीला विळ्याचे रूप दिले आहे. मराठी कवितेत चंद्रकोर बहुधा शंकराच्या जटेत किंवा सुवासिनीच्या कपाळी सापडते. तिथे ती कापणी करणाऱ्या मुलीच्या हातात आली. साहित्याचा अभ्यासक यास प्रतिमेचे स्थलांतर म्हणेल. कापणी करणाऱ्या मुलीला मात्र एवढेच समजले की आभाळातली वस्तू आपल्या हातातल्या वस्तूसारखी दिसते, आणि हे आजवर कुणी सांगितले नव्हते.

कथानक साधे आहे. परमु पिळ्ळै हा एका जुन्या, मानी, उच्चवर्णीय घराण्याचा कर्ता पुरुष. घराण्याचे वैभव ओसरले आहे, पण ताठा तसाच आहे. त्याचा मुलगा गोपालन शिकलेला, शेतकऱ्यांच्या चळवळीत पडलेला. बापाच्या दृष्टीने वाया गेलेला. शेजारी केशवन नायर हा धूर्त जमीनदार, ज्याची नजर परमु पिळ्ळैच्या उरल्यासुरल्या जमिनीवर आहे. करंपन हा पुलया जातीचा शेतमजूर आणि माला ही त्याची मुलगी. जमीनदाराची मुलगी सुमम. गोपालनवर मालाचे मन आहे, गोपालनचे सुममवर. प्रेमाचा हा तिढा मेळोड्रामाच्या जुन्याच वळणाचा आहे आणि त्यावर फार वेळ दवडण्याचे कारण नाही.

थांबायला हवे ते परमु पिळ्ळैपाशी. ही भूमिका कांबिशेरी करुणाकरन यांनी केली, पुढे ‘जनयुगम्’चे संपादक म्हणून जे नावारूपास आले ते हेच. तिशीतल्या या तरुणाने उभा केलेला म्हातारा केरळच्या रंगभूमीवर अविस्मरणीय ठरला. कारण तो खलनायक नाही आणि आदर्शही नाही. तो हास्यास्पद आहे. रिकाम्या कोठाराच्या दारात बसून तो पूर्वजांच्या कोठारांची वर्णने करतो. मुलाच्या लाल झेंड्याचा त्याला मनापासून तिटकारा आहे. त्याला कुणी वर्गसंघर्षाचा सिद्धान्त शिकवत नाही. मुलाची व्याख्याने तर त्याच्या कानांवरून वाहून जातात. त्याला बदलते ती जमीन. कागदपत्रांच्या आणि कोर्टकचेरीच्या मार्गाने पायाखालची माती सरकू लागते, आपल्याच जातीचा, आपल्याच पंक्तीला बसणारा केशवन नायर आपला गळा कापतो आहे आणि ज्यांना आपण अंगणाबाहेर उभे केले ते आपल्या मुलाच्या बाजूने उभे आहेत, हे त्याला दिसू लागते. मुलावर जमीनदाराचे गुंड हल्ला करतात तेव्हा हिशेब पुरा होतो. शेवटच्या प्रसंगी म्हातारा पुढे येऊन लाल झेंडा हाती मागतो. तो आपल्याला उंच धरायचा आहे, असे म्हणतो.

त्या काळच्या मंडपात परमु पिळ्ळै किती असतील याची कल्पना करावी. मोडकळीस आलेल्या घराण्यांचे कर्ते पुरुष, बेदखलीच्या भीतीखाली जगणारी कुळे, पोरगा बिघडला म्हणून हळहळणारे बाप. त्यांना रंगमंचावरून कुणी ‘तुम्ही प्रतिगामी आहात’ असे म्हटले असते तर ते उठून गेले असते. त्याऐवजी त्यांना आपलाच ताठा दिसला आणि आपल्यालाच हसू आले. स्वतःला हसलेला माणूस दुसऱ्या दिवशी मुलाशी पूर्वीच्या आवाजात भांडू शकत नाही. जीवन बदलणे म्हणतात ते बहुधा अशा चिंचोळ्या फटीतून आत येते. घरी परतलेल्या त्या बापाला पोथी वाचून ज्ञान झालेले नसते. फक्त जुन्या उत्तराचा आत्मविश्वास गेलेला असतो.

आणि मग गाणी. भाषणाला उत्तर देता येते, पत्रक फाडता येते, पुस्तकाला अक्षरओळख लागते. गाण्याला यातले काहीच लागू पडत नाही. प्रयोग संपल्यावर पात्रे रंग पुसून पुढच्या गावी जातात, गाणे मागे राहते. ते आवणीच्या चिखलात, होडीच्या वल्ह्यावर, विडीच्या कारखान्यात पुन्हा पुन्हा म्हटले जाते. एकट्याने म्हटले की ते आठवण असते. दहाजणींनी मिळून म्हटले की त्यांना आपण दहा आहोत हे कळते. संघटनेचा पहिला धडा हाच आहे आणि तो व्यासपीठावरून शिकवता येत नाही. के.पी.ए.सी.च्या गाण्यांत लोकगीतांचा ठेका आणि शास्त्रीय सुरांची शिस्त असा जो मेळ साधला, त्याला केवळ संगीतदृष्ट्या महत्त्व नाही. कापणी करणाऱ्या बाईचा ठेका आणि सभागृहात मैफल ऐकणाऱ्या वकिलाचा सूर एकाच गाण्यात बसू शकतात, हे कानाला आधी पटले. बुद्धीला नंतर पटले असेल.

पण म्हणून गाणे ओठांवर गेले की जीवन बदलले असे समजणारांनी बर्लिनकडे पाहावे. ३१ ऑगस्ट १९२८ रोजी तिथे ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचा ‘थ्री पेनी ऑपेरा’ रंगभूमीवर आला. भांडवलदार आणि दरोडेखोर यांत फरक तो किती, असा रोकडा सवाल टाकणारे हे संगीत नाटक. ज्यांच्यावर ते नाटक तुटून पडत होते त्या बर्लिनच्या सुखवस्तू वर्गानेच ते डोक्यावर घेतले आणि त्याची गाणी गुणगुणली. अवघ्या साडेचार वर्षांत हिटलर सत्तेवर आला, ब्रेख्त आणि वाइल दोघांनाही देश सोडावा लागला. गुणगुणणारे बहुतेक सगळे तिथेच राहिले. मराठी प्रेक्षकाला हे नाटक पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मुळे परिचित आहे. १९७८ साली जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली थिएटर अकॅडमीने ते केले, लोकांनी मनमुराद आनंद लुटला. त्या आनंदात वावगे काही नाही. परंतु तो प्रेक्षकही तिकीट काढून आला होता तसाच, गाणी घेऊन, आपल्या घरी गेला.

मराठी संगीत रंगभूमीची परंपरा तर याहून जुनी आणि या बाबतीत अधिक बोधप्रद. १८८० साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले तेव्हापासून दोन पिढ्या पदांवर ‘वन्समोअर’ घेत राहिल्या. नाटकाचे कथानक तासन्‌तास ताटकळत उभे राहिले. जीवन बदलण्याशी या परंपरेचा संबंध आला तो प्रामुख्याने १८९९ च्या देवलांच्या ‘शारदे’त. जरठाच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीच्या पदांनी घरोघरच्या माजघरात हुंदके उमटवले. पुढे १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला आणि तो ‘सारडा’ कायदा म्हणून प्रसिद्ध झाला, तेव्हा देवलांच्या शारदेनेच कायदा करविला असा गोड समज महाराष्ट्रात पसरला. वस्तुतः ते नाव अजमेरच्या हरविलास सारडा यांचे. नामसाम्यावर उभारलेला हा अभिमान हसण्यावारी नेता येईल, पण त्यातून एक गोष्ट दिसते. नाटकाने डोळे ओले केले त्या दिवसापासून कायदा होईपर्यंत तीस वर्षे गेली, आणि त्या तीस वर्षांतले काम सुधारकांनी, स्त्रियांच्या संस्थांनी, विधिमंडळातील खटपटींनी केले. नाटकाने त्यांच्यासाठी ऐकणारे कान तयार ठेवले.

चवऱ्याच्या मंडपाबाहेरही असेच काही उभे होते, आणि बर्लिनपेक्षा निराळेपण आले ते तिथेच. प्रयोग पाहून बाहेर पडलेल्या माणसाला जायला जागा होती. १९४६ च्या पुन्नप्र-वयलारच्या हुतात्म्यांची आठवण ताजी होती. शेतकरी संघटना होत्या, काथ्या आणि काजू कामगारांच्या युनियन होत्या, खेडोपाडी ग्रंथालयांचे जाळे विणले जात होते. भाषेच्या आधारावर एक केरळ व्हावे ही मागणी जोर धरत होती आणि १ नोव्हेंबर १९५६ ला ती पुरी झाली. ‘तुम्ही मला कम्युनिस्ट केलेत’ म्हणणाऱ्या प्रेक्षकाचे नाव नोंदवून घेणारा कुणीतरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारी येत असे. मार्च १९५७ च्या निवडणुकीत १२६ पैकी ६० जागा पक्षाला मिळाल्या, पाच अपक्षांच्या पाठिंब्याने ५ एप्रिलला ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांच्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली, आणि आठवड्याभरात कुळांची बेदखली थांबविणारा वटहुकूम निघाला. भासी स्वतः त्या विधानसभेत सदस्य होते. परमु पिळ्ळैला रंगमंचावर जे भय होते त्याला सरकारी गॅझेटात उत्तर मिळाले. अशी साखळी जगाच्या रंगभूमीवर फार थोड्या ठिकाणी जुळलेली दिसते. नाटक या साखळीतली एक कडी होते. सबंध साखळी नव्हे, आणि नुसती शोभेची कडीही नव्हे.

राज्यकर्त्यांना हे उमगले होते. १९५३ साली या नाटकावर बंदी घालण्यात आली. ती पुढे उठवावी लागली. ‘नीलदर्पण’च्या काळात इंग्रजांना धडकी भरली म्हणून जन्मलेला १८७६ चा नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा स्वतंत्र भारतातही जिवंत होता. त्याच १९५३ मध्ये लखनौच्या ‘इप्टा’ने प्रेमचंदांची ‘ईदगाह’ रंगमंचावर आणली तेव्हा तो कायदा त्यांच्यावर चालविण्यात आला, आणि १९५६ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो घटनाविरोधी ठरविला. पुस्तकातून तो काढून टाकण्यास २०१८ साल उजाडले. ‘ईदगाह’ ही आजीला चिमटा घेऊन येणाऱ्या एका गरीब मुलाची गोष्ट आहे. तिच्यात बंदी घालण्याजोगे काय, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर कथेत नाही. ती ऐकायला कोण एकत्र बसले आहेत यात आहे.

इथवरचा हिशेब जमेच्या बाजूचा झाला. दुसरी बाजू पाहावयास अनेकांना आवडत नाही, पण ती पाहिल्याशिवाय या नाटकाचे पुरते मोल कळणार नाही.

परमु पिळ्ळै शेवटी झेंडा हाती घेतो, तो कुणाच्या हातातून? मालाच्या. पुलया शेतमजुराच्या मुलीने तो तोवर धरून ठेवलेला आहे. उच्चवर्णीय म्हातारा तो मागतो, ती देते, पडदा पडतो, मंडप दुमदुमतो. चाळीस वर्षे त्या टाळ्यांत हा प्रश्न बुडून राहिला. १९९५ साली सिव्हिक चंद्रन यांनी तो वर काढला. त्यांनी भासींचीच पात्रे, त्यांच्या काही संवादांसह, पुन्हा रंगमंचावर बोलाविली आणि आपल्या प्रतिनाटकाला नाव दिले ‘निंगळ् आरे कम्युनिस्टाक्कि’. मूळ शीर्षकातला एकच शब्द बदलला आहे. ‘एन्ने’ म्हणजे मला. त्याच्या जागी ‘आरे’, म्हणजे कुणाला. तुम्ही कुणाला कम्युनिस्ट केलेत?

या एका शब्दात किती इतिहास दडला आहे, हे मराठी वाचकाला सहज कळणार नाही. जुन्या केरळात पुलया माणसाला वरच्या जातीच्या माणसापुढे ‘मी’ म्हणण्याची मुभा नव्हती. स्वतःचा उल्लेख त्याने ‘अडियन’, म्हणजे आपला दास, असा करावयाचा. रस्त्यावरून चालण्याचा हक्क त्याला झगडून मिळवावा लागला. अय्यनकाळी यांनी १८९३ साली बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यावरून जाणे हेच बंड ठरले. ‘तुम्ही मला कम्युनिस्ट केलेत’ या वाक्यातला ‘मी’ हा, म्हणून, सर्वांचा नाही. तो परमु पिळ्ळैचा आहे. ज्याला ‘मी’ म्हणण्याची मुभा नेहमीच होती त्याचा. मालाला कुणी कम्युनिस्ट केलेच नाही, ती पहिल्यापासून तिथे होती. आपल्या मुलांना शाळेत घ्यावे म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी अय्यनकाळींच्या नेतृत्वाखाली शेतावरचे काम बंद पाडणाऱ्या मजुरांची ती नात. तिचे जीवन बदलण्याची कथा नाटककाराला सांगाविशी वाटली नाही, कारण तिच्यात बदल दाखवावा असे काही नव्हते. जग बदलायचे तेवढे बाकी होते.

आणि जग तिच्यासाठी कितपत बदलले, हे जमिनीच्या हिशेबात मोजता येते. १९५७ च्या सरकारने हाती घेतलेली जमीन सुधारणा ३१ जुलै १९५९ च्या बडतर्फीने अडली, अनेक वळणे घेत १ जानेवारी १९७० पासून तिने कुळपद्धती संपविली. देशातल्या कुठल्याही राज्याने हे काम इतक्या नेटाने केलेले नाही, आणि त्याचे श्रेय हिरावून घेण्याचे कारण नाही. कुळाला जमीन मिळाली. परंतु दुसऱ्याच्या जमिनीत झोपडी बांधून राहणारा शेतमजूर कुळ नव्हता. कायद्याने त्याला झोपडीखालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला : पंचायत हद्दीत जास्तीत जास्त दहा सेंट, नगरपालिकेत पाच, महानगरात तीन. दहा सेंट म्हणजे आपल्याकडचे चार गुंठे. घर गेले नाही, हाकलून देण्याची भीती गेली, हे लहान काम नव्हे. ज्याच्या डोक्यावर ती टांगलेली होती त्यालाच त्याची किंमत ठाऊक. पण नांगराखालची जमीन परमु पिळ्ळैच्या बाजूला गेली आणि मालाच्या वाट्याला चार गुंठे आले. रंगमंचावरचा झेंडा ज्या हाताकडून ज्या हाताकडे गेला, सात-बाराचा उताराही साधारण त्याच दिशेने गेला.

सिव्हिक चंद्रन यांचे नाटक आले तेव्हा भासी हयात नव्हते. १९९२ च्या डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले होते. त्यांच्या वारसांच्या वतीने स्वामित्वहक्काचा दावा दाखल झाला. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली, मूळ नाटकावर टीका करण्यासाठी त्यातील अंश वापरणे हा न्याय्य वापर होय, असे मानून प्रतिनाटकाची वाट मोकळी केली. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय आज भारतभर दाखला म्हणून दिला जातो. राजकीय दृष्ट्या मात्र तो खटला उभा राहायलाच नको होता. ज्या नाटकावर १९५३ साली सरकारने बंदी आणली, त्याच्या बाजूच्या माणसांनी दुसऱ्या नाटकाविरुद्ध मनाई हुकूम मागावा, हे शोभणारे नव्हते. नाटकाला उत्तर नाटकानेच द्यावयाचे असते.

आणि उत्तर देता आले असते. कारण प्रतिनाटकही सगळे खरे सांगत नाही. १९५२ साली पुलया मुलगी रंगमंचाच्या मध्यभागी झेंडा घेऊन उभी आहे आणि उच्चवर्णीय प्रेक्षक खाली बसून तिच्याकडे मान वर करून पाहतो आहे, ही दृश्यरचना स्वतःच एक घटना होती. १९३६ पर्यंत त्रावणकोरच्या मंदिरांत जिला पाऊल ठेवता येत नव्हते तिच्या बाबतीत तर निश्चितच. शिवाय परमु पिळ्ळैचे बदलणे ही क्षुल्लक गोष्ट आहे काय? ज्याच्या हातात सत्ता आहे त्याचे मन बदलविणे नाटकाला जमले, हे नाटकाचे यशच. त्याने झेंडा घेतला यात दोष नाही. दोष असेल तर घेतल्यानंतर तो परत देण्याची पाळी कधी आली नाही, यात आहे. आणि तो दोष नाटककारावर लादून राजकारणाला मोकळे होता येणार नाही.

महाराष्ट्रात ही गोष्ट वेगळ्या रीतीने घडली, हे इथे आठवणे भाग आहे. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाचा बाज घेऊन, त्यातील गणाच्या जागी कष्टकऱ्यांचे नमन आणून, अण्णा भाऊंनी लोकनाट्य घडविले. गिरणगावात आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते लाखोंनी पाहिले. इथे मालाविषयी कुणी दुसरे लिहीत नव्हते. मांगवाड्यातून आलेला, शाळेची पायरी जेमतेम चढलेला माणूस स्वतःच लिहीत होता, स्वतःच गात होता. तरी याचाही हिशेब कोरा नाही. ज्याच्या शाहिरीने मैदाने भरली त्याचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. १८ जुलै १९६९ ला तो गेला, पुढच्याच महिन्यात अमर शेखही गेले. केरळात लेखणी दुसऱ्याच्या हाती होती आणि झेंडा घेतला गेला. महाराष्ट्रात लेखणी तिच्या धन्याच्याच हाती होती, आणि मैफल संपल्यावर त्याच्या घराची वाट चळवळ विसरली. दोहोंत बरे कुठले, याची तुलना करण्यात अर्थ नाही.

ज्या पिढीने चवऱ्याच्या वाटेवर ती गाणी पहिल्यांदा ऐकली ती आता जवळजवळ संपली आहे. देवराजन २००६ मध्ये गेले, ओ. एन. व्ही. २०१६ मध्ये. आज जो तरुण नाटक पाहायला येईल त्याच्या बापाजवळ गहाण टाकायला घराणेच नाही. तो कंत्राटावर आहे, किंवा दुसऱ्या राज्यातून आला आहे. केरळातही बांधकामावर आणि शेतावर आता बंगाली, आसामी, ओडिया मजूर दिसतात. त्याला परमु पिळ्ळैचा ताठा पाहून हसू येईल, पण त्यात स्वतःला तो ओळखणार नाही. मालामध्ये ओळखेल. म्हणून दोन्ही संहिता मराठीत, एकाच पुस्तकात छापल्या पाहिजेत, आणि जिथे आपली पथके आहेत, मग ती नाशकात असोत, भिलाईत असोत वा सुरतेत, त्यांनी लागोपाठ दोन रात्री दोन्ही नाटके करावीत. पहिल्या रात्री भासींचे, गाण्यांसह, एकही गाणे न कापता. दुसऱ्या रात्री सिव्हिक चंद्रन यांचे. पहिल्या रात्रीचे तिकीट दुसऱ्या रात्री चालले पाहिजे, आणि दोन्ही रात्री पुढच्या चार रांगा मजूर वस्तीतल्या बायांसाठी मोकळ्या ठेवल्या पाहिजेत.